पाटोद्याची गिरणी आणि आपली घरपट्टी

पाहुणे आले की आपल्या शहरात त्यांच्या फिरण्याची यादी ठरलेली असते. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, पाणचक्की, आणि मुक्काम वाढलाच तर अजिंठा. अलीकडे मी त्यात पाटोद्याचं नाव घालतो आणि पाहुण्यांचे चेहरे पडतात. (बीड जिल्ह्यातलं तालुक्याचं पाटोदा नव्हे; आपलं, वाळूजच्या बाजूचं, शहरापासून दहा-बारा किलोमीटरवरचं.) पर्यावरणपूरक गाव बघायचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शेणानं सारवलेली घरं, चुलीवरची भाकरी, बैलगाडीतून रपेट आणि शेवटी सेंद्रिय गुळाची ढेप असं चित्र असतं. पाटोद्यात यातलं काही नाही. सिमेंटचे रस्ते, पक्की घरं, झाडं, चौकात हात धुवायला बेसिन, कोपऱ्यावर ओल्या-सुक्या कचऱ्याचे डबे. फोटो काढायला म्हणून गेलेला माणूस अर्ध्या तासात कंटाळतो.

राज्यभरातले सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटांच्या बाया मात्र गाड्या भरभरून इथं अभ्यास दौऱ्याला येतात. भास्करराव पेरे पाटील यांनी पंचवीसेक वर्षं या गावचा कारभार पाहिला. त्यांची अस्सल मराठवाडी भाषणं मोबाइलवरून घराघरांत पोचली आहेत: शुद्ध पाणी द्या, फळझाडं लावा, गाव स्वच्छ ठेवा, पोरं शिकवा, म्हाताऱ्यांना सांभाळा. ऐकताना लोक पोट धरून हसतात आणि गावी जाऊन झाडं लावतात. झाडं लावण्यात गैर काही नाही. पण पाटोद्यात बघण्यासारखी खरी गोष्ट झाड नाही, ती पिठाची गिरणी आहे.

ज्या घरानं ग्रामपंचायतीचा कर पूर्ण भरला, त्या घराचं दळण वर्षभर फुकट. योजना एवढीच. आता हिशेब मांडून बघा. पाच माणसांचं घर महिन्याला तीसेक किलो दळतं असं धरलं आणि शहरातला किलोला पाच-सहा रुपयांचा भाव लावला, तर वर्षाला दोन हजारांच्या घरात जातं. ग्रामपंचायतीला मात्र खर्च येतो तो विजेचा, दगडांचा आणि गिरणी चालवणाऱ्याच्या पगाराचा. म्हणजे घराला जेवढ्याचा फायदा दिसतो, त्याहून पुष्कळ कमी पैशांत पंचायत तो देऊ शकते. शिवाय कराची पावती नसेल तर दळणाचा डबा तसाच परत न्यावा लागतो, आणि भरला डबा घेऊन परत आलेली बाई नवऱ्याला जे सुनावते, ते जप्तीच्या कुठल्याही नोटिशीला जमायचं नाही. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ नं पंचायतीला कर बसवायचा अधिकार दिला तो १९५८ साली. तो वसूल कसा करायचा, यावर गावोगावी अजून ग्रामसेवक घाम पुसत असतात. इथं ते काम जात्याच्या दगडांनी केलं.

आपल्या शहराला फुकट दळण नवीन नाही. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून फिरवलेली. तिथलं पीठ फकिरांच्या आणि वाटसरूंच्या पोटात जाई. तो दानधर्म होता. पाटोद्याचं दळण दान नाही, ती देवघेव आहे, आणि म्हणूनच दाता उठून गेला तरी ती चालू शकते.

कर आला की पुढचं सगळं सरळ होतं. गावातल्या नळांना मीटर आहेत. जितकं वापराल तितकं भरा. पिण्याचं शुद्ध पाणी कार्ड लावून घ्यायचं. सांडपाणी गटारांतून एका जागी नेऊन, साफ करून शेतीला द्यायचं. यातलं एकही तंत्र परदेशातून आणलेलं नाही, आणि एकही असं नाही जे आपल्या महापालिकेच्या अभियंत्यांना ठाऊक नाही.

ते ठाऊक असूनही शहरात काय चाललंय ते आपण रोज बघतो. नाथसागर उशाशी असताना चार-पाच दिवसांनी, कधी आठवड्यानं पाणी, ही इथली अनेक वर्षांची रीत. टाकी भरली की मोटार बंद करायलाही कुणी उठत नाही, कारण मीटर नाही आणि पाणीपट्टी वर्षाची ठोक. नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन डिसेंबर २०२० मध्ये झालं तेव्हा तिचा आकडा १६८० कोटी होता. पुढे तो २७०० कोटींच्या वर गेला. कचऱ्याचं तर सांगायलाच नको. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावच्या लोकांनी आमच्या दारात तुमचा कचरा पुरे झाला म्हणून गाड्या अडवल्या आणि अख्खं शहर कुजायला लागलं. मार्चमध्ये कचरा टाकण्यावरून मिटमिट्यात दगडफेक, जाळपोळ झाली. त्याच दिवसांत दहा-बारा किलोमीटरवरच्या पाटोद्यात लोक ओला आणि सुका कचरा वेगळा टाकत होते. ते जात्याच फार शहाणे होते असं नाही. आपण भरलेल्या पैशांचं काय होतं, ते त्यांना गिरणीच्या दारात दिसत होतं.

पर्यावरणपूरक गावांचं कौतुक आपण फार ऐकतो. स्कॉटलंडचं फाइंडहॉर्न १९६२ पासूनचं, आपल्याकडचं ऑरोविल १९६८ चं. तिथं माणसं एका विचारानं गोळा झाली, आणि ज्याला पटलं नाही तो निघून गेला. पाटोद्यात तशी सोय नाही. भावकी आहे, बांधाचे वाद आहेत, निवडणुकीतली खुन्नस आहे, आणि या सगळ्यांकडून कर घ्यायचाय. हिवरे बाजारचंही तेच. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले आणि गावानं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवायला घेतली. ऊस नको, केळी नको, शेतीला बोअर नको. एकाच गावकीतल्या माणसांनी एकमेकांना असं ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं, ते गावात राहिलेल्यांनाच कळेल.

पाटोदा आदर्श म्हणजे सगळं निर्दोष, असंही कुणी समजू नये. शुद्धीकरण यंत्रातून जितकं पाणी शुद्ध होतं, तितकंच किंवा जास्त बाहेर फेकलं जातं. आमच्या दुष्काळी भागात त्या पाण्याचं काय करता, हे प्रत्येक गावाला विचारलं पाहिजे. वाळूजची कारखानदारी शेजारी असल्यानं रोजगाराची जी ऊब पाटोद्याला आहे, ती सोयगावच्या डोंगरातल्या वाडीला नाही. तिथं हाच नमुना जसाच्या तसा नेऊन लावला तर तो चालेलच असं नाही.

आणि जानेवारी २०२१ च्या ग्रामपंचायत निवडणुकीत पेरे पाटलांच्या कन्येचा पराभव झाला. राज्यभर बातमी झाली, लोक हळहळले, गावाला कृतघ्न म्हणून मोकळे झाले. मला ते रडगाणं पटलं नाही. पंचवीस वर्षं हिशेब बघायला शिकवलेल्या गावानं मतपेटीतही आपला हिशेब केला, तर त्यात बिघडलं काय? एका घराण्यावाचून जे गाव चालू शकत नाही, त्याला आदर्श म्हणायचं तरी कशाला.

अभ्यास दौऱ्यांविषयी माझी तक्रार आहे ती इथंच. सत्कार होतो, नारळ फुटतो, बेसिनसमोर सेल्फी निघतो आणि गाडी भद्रा मारुतीकडे वळते. कर किती मागितला, किती आला, गिरणीच्या विजेचं बिल किती, हे विचारणारा क्वचित भेटतो. परत गेल्यावर गावात बेसिन बसतं. सहा महिन्यांनी त्याची तोटी चोरीला जाते, कारण तोटी बदलायला लागणारे पैसे कुठून यायचे याची वही कुणी मागितलेलीच नसते.

तेव्हा या रविवारी पोरांना घेऊन पाटोद्याला जा. सकाळी जा, ऊन चढायच्या आत. घरी येऊन आपल्या घरपट्टीची शेवटची पावती शोधा आणि थकली असेल तर भरा. मग झोन कार्यालयात जाऊन एकच प्रश्न लेखी विचारा: माझ्या वॉर्डात यंदा कराची मागणी किती होती, वसुली किती झाली आणि त्यातून माझ्या वॉर्डात काय खर्च झाला? उत्तर आलं तर या सदराला जरूर कळवा. नाही आलं, तरी कळवा.