‘सामना’ पळवू नका!

मंडळी, कळमनुरीचं मे महिन्याचं ऊन! दारं लावून, कूलर सोडून पुन्हा ‘सामना’ लावला. पुण्याहून आलेल्या नातवाने लगेच वेग दीडपट केला. "आबा, फार स्लो आहे!"

स्लो? जब्बार पटेलांचा हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. श्रीराम लागूंचा मास्तर मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो आणि निळू फुल्यांचा हिंदुराव आतल्या आत अस्वस्थ होत जातो. हे ‘होत जाणं’ पळवलंत तर उरलं काय? नुसती गोष्ट! ती तर मीही दोन मिनिटांत सांगेन. (वर्गात प्रश्न विचारून मी थांबायचो, हुशार पोरांनाच दम नसायचा.) आणि वाचलेल्या वेळात करता काय? रील्स बघता!

रिमोट उशाखाली ठेवलाय. पोरगा रुसलाय. रुसू दे.