ग्राउंड निघेल, पण पाण्याचं काय?

पहाटे पाचला परभणीतल्या कुठल्याही मोकळ्या रस्त्यावर जा, भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतील. १६०० मीटरचं टायमिंग, पुलअप्स, पुशअप्स सगळं तोंडपाठ. मात्र 'पोहता येतं का?' असं विचारलं, की बरेच जण गप्प होतात.

गप्प होण्यात लाजण्यासारखं काही नाही. अग्निवीर भरतीच्या ग्राउंडवर कुणी पोहायला लावत नाही. पाणी समोर येतं ते निवड झाल्यावर. नौदलाचे अग्निवीर ओडिशातल्या आयएनएस चिल्काला जातात, एनडीएचे कॅडेट खडकवासल्याला. दोन्हीकडे पोहणं हा प्रशिक्षणाचा भाग आहे. ज्याला पाण्याची भीती आहे, त्याला ती तिथं सगळ्यांसमोर घालवावी लागते.

त्यातही आधी शिकायचं ते तरंगणं. अमेरिकन नौदलात रिक्रूटला ५० यार्ड पोहावं लागतं आणि ५ मिनिटं पाण्यावर पालथं तरंगावं लागतं. किती जोरात पोहला, हे तिथं कुणी बघत नाही. जहाजावरून पडलेल्या माणसाला मदत येईपर्यंत टिकायचं असतं, एवढा साधा हिशोब आहे त्यामागं.

आता गंमत बघा. ग्राउंडनं घडवलेलं शरीर पाण्यात थोडं अडचणीचंच ठरतं. स्नायू पाण्यापेक्षा जड, चरबी हलकी. त्यामुळं काटक पोराचे पाय लवकर खाली जातात. वर धरून ठेवते ती छातीतली हवा. म्हणून छातीभर श्वास घ्या, कान पाण्यात बुडू द्या, नजर आभाळाकडे, पोट वर. घाबरून डोकं उचललं की पाय बुडालेच. पळताना जोर लावायची सवय असते, इथं अंग सैल सोडायचं असतं. ते एका दिवसात जमत नाही, म्हणून सुरुवात आजच हवी.

आपल्या आजोबांच्या पिढीला हे विहिरीनं शिकवलं. पाठीला वाळलेला भोपळा किंवा रिकामा डबा बांधायचा आणि काठावर चुलता उभा. आता विहिरींच्या जागी बोअर आले. शिवाय त्या विहिरीत पोरींना कोण उतरू देत होतं? मार्च २०२३ मध्ये चिल्कातून अग्निवीरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात २७३ मुली होत्या. आपल्याकडची मुलगी त्याच वाटेनं निघाली, तर तिनं पोहायला शिकायचं कुठं?

गोदावरी किंवा येलदरी हे त्याचं उत्तर नाही. वाळूउपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत आणि धरणाच्या पाण्याचा अंदाज येत नाही. देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. एकट्यानं पाण्यात उतरून धाडस दाखवू नका. कमरेएवढं पाणी आणि शेजारी पोहणारा जाणता माणूस, एवढं तरी हवंच.

म्हणून मागा. अकॅडमीत फी भरताना विचारा, पाण्याचा सराव कधी घेणार? कॉलेजच्या एनसीसी सरांना विचारा. मुलींची वेगळी बॅच आणि महिला प्रशिक्षक हवी, असं क्रीडा कार्यालयात लेखी द्या. भरती निघो न निघो, तरंगता येणं आयुष्यभर कामी येतं.