निवेदन : त्वचारोगतज्ज्ञ चंद्रपूर-गडचिरोलीतच घडावेत

स्थळ : घुग्घुस, ता. व जि. चंद्रपूर
दिनांक : ३० जानेवारी २०२६

प्रति,
मा. मंत्री महोदय,
वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर

विषय : चंद्रपूर व गडचिरोली येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग या विषयाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाची भक्कम सोय करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे घुग्घुस व परिसरातील नागरिक, कोळसा खाणीतील व सिमेंट कारखान्यातील कामगार आणि निवृत्त आरोग्य कर्मचारी उपरोक्त विषयी हे निवेदन सादर करीत आहोत. आज कुष्ठरोग निर्मूलन दिन आहे, म्हणून हाच दिवस निवडला. आमचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या जिल्ह्यांत कुष्ठरोग आणि कामधंद्यातून होणारे त्वचारोग आजही आहेत, तिथेच त्वचारोगतज्ज्ञ शिकावेत आणि शिकून तिथेच टिकावेत.

कुष्ठरोगाशी लढण्याचा चंद्रपूर जिल्ह्याचा वारसा मोठा आहे. वरोऱ्याला आनंदवन उभे करणाऱ्या बाबा आमटे यांनी कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचे रीतसर शिक्षण घेतले होते. नुसत्या तळमळीने रोग हटत नाही, त्याला शास्त्र शिकावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. तेव्हा त्यासाठी कलकत्ता गाठावे लागले. आज चंद्रपुरात २०१५ पासून आणि गडचिरोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मग हे शिक्षण इथेच पूर्ण ताकदीने का मिळू नये?

देशात १९८३ पासून बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि कुष्ठरोग बरा होऊ लागला. कमी जंतू असलेल्या रुग्णाला सहा महिने, जास्त जंतू असलेल्याला बारा महिने गोळ्या पुरल्या. डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट गाठले गेले. मात्र हा आकडा देशाच्या सरासरीचा होता. चंद्रपूर आणि गडचिरोलीत नवे रुग्ण आजही सापडतात. दरम्यान कुष्ठरोगाचे काम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाले आणि आयुष्यभर हेच काम केलेले तंत्रज्ञ व पर्यवेक्षक एकेक करून निवृत्त झाले. त्यांच्या हातातले कसब पुढच्या पिढीकडे पुरेसे गेले नाही.

ते कसब पुस्तकातून येत नाही. रुग्णाला डोळे मिटायला सांगून चट्ट्यावर पेनच्या टोकाने हलकेच स्पर्श करायचा आणि कुठे लागले ते त्याच्याच बोटाने दाखवायला सांगायचे. कोपराच्या आतल्या बाजूची नस बोटांखाली चाचपून ती जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का, ते पाहायचे. करंगळीत किती जोर उरला आहे, पापणी पूर्ण मिटते का, हे तपासायचे. उपचार चालू असताना किंवा संपल्यावरही रिअॅक्शन येऊन नस सुजते. त्या वेळी प्रेडनिसोलोन योग्य मात्रेत सुरू झाले तर हात वाचतो. उशीर झाला तर बोटे वाकडी होतात आणि माणूस कायमचा अपंग होतो. अशी नस वारंवार हाताखालून गेल्याशिवाय डॉक्टरला ती कळत नाही, आणि असे रुग्ण आमच्या जिल्ह्यांत आहेत.

दुसरा प्रश्न घुग्घुसच्या रोजच्या जगण्यातला आहे. इथे कोळसा निघतो, सिमेंट बनते, स्पंज आयर्न तयार होते. ओले सिमेंट अल्कधर्मी असल्याने कातडी जाळते. त्यातल्या सहासंयुजी क्रोमियममुळे काही कामगारांना कायमची अॅलर्जी जडते : बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत जाड कोरडी कातडी, रात्रभर खाज. असा कामगार दुकानातून मलम आणतो, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा कामावर गेला की त्रास उलटतो. खरे कारण शोधायचे तर पॅच टेस्ट करावी लागते. पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या दोन दिवसांनी काढून वाचायच्या आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा वाचायच्या. ही सोय आणि ती वाचणारा तज्ज्ञ आमच्या आवाक्यात नाही.

हा त्रास टाळता येतो, हे जगाने पाहिले आहे. डेन्मार्कने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सिमेंटमध्ये फेरस सल्फेट मिसळून क्रोमियमचा उपद्रव कमी केला. युरोपीय संघाने २००५ पासून त्यावर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली. आपल्याकडेही कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात क्रोमियमचे व्रण आणि रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातले गेले. पण निदानच झाले नाही तर कळवणार कोण? कामाशी संबंध सिद्ध न झाल्याने कामगाराला ना काम बदलून मिळते, ना भरपाई.

तिसरा प्रश्न स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा. २०१८ साली केंद्र शासनाने स्टिरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली, तरी ती सहज मिळतात. त्यामुळे गजकर्ण दबते, रूप बदलते आणि घरभर पसरते. चेहऱ्याला लावणाऱ्या मुलींची कातडी पातळ व लाल होते. त्वचेची जाण इतर आजारांतही लागते : जंगलपट्ट्यात स्क्रब टायफस या तापाचे निदान अनेकदा काखेतल्या वा जांघेतल्या छोट्या काळ्या खपलीवरून होते. त्वचा पाहण्याची सवय असलेला डॉक्टर ती खपली शोधतो आणि डॉक्सिसायक्लिनने रुग्ण वाचतो.

त्वचारोग विषयाला विद्यार्थ्यांची वानवा नाही. नीट-पीजीच्या प्रवेशात वरचे क्रमांक मिळवणारे हा विषय आवर्जून घेतात. परंतु शिकून झाल्यावर बहुतेकांचा ओढा मोठ्या शहरांकडे असतो, कारण त्यांचे शिक्षण तिथेच झालेले असते. पूर्वी दोन वर्षांच्या पदविकेतून तालुक्याच्या ठिकाणी तज्ज्ञ मिळत. त्या जागा मोठ्या प्रमाणात पदवीत रूपांतरित झाल्या. राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० साली जिल्हा रुग्णालयांसाठी आठ विषयांत दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या, त्यांत त्वचारोग नव्हता. ही पोकळी भरण्याचे मार्ग शासनाच्या हातात आहेत. सबब आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

१. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाचे एमडी शिक्षण पूर्ण क्षमतेने चालावे. त्यासाठी प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकांची पदे कंत्राटी न ठेवता नियमित भरावीत. गडचिरोलीच्या महाविद्यालयासाठीही असाच कालबद्ध आराखडा जाहीर करावा.

२. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा निवासी कार्यक्रमात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. नागपूर व सेवाग्राम येथील त्वचारोगाच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे प्राधान्याने द्यावेत आणि निवासाची सोय करावी.

३. प्रत्येक विद्यार्थ्याला ठरावीक काळ कुष्ठरोग सेवेत अनिवार्य करावा : नसांची तपासणी, त्वचेचा लेप घेऊन जंतूतपासणी, रिअॅक्शनचे उपचार, व्यंग टाळण्याचे शिक्षण. त्यासाठी आनंदवनासारख्या संस्थांशी करार करावा.

४. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ३१ ऑगस्ट २०२० रोजी सेवेतील डॉक्टरांना पदव्युत्तर प्रवेशात जागा राखण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला आहे. दुर्गम भागात सेवा दिलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना या विषयातही त्याचा लाभ मिळावा आणि शिक्षणानंतर त्यांची नेमणूक याच दोन जिल्ह्यांत व्हावी.

५. चंद्रपूरच्या महाविद्यालयात व्यवसायजन्य त्वचारोग कक्ष व पॅच टेस्टची सोय सुरू करावी. कक्षाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी घुग्घुसला येऊन तपासणी करतील, अशी व्यवस्था व्हावी.

६. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टर व आशा कार्यकर्त्यांना दरवर्षी प्रत्यक्ष रुग्णांवर प्रशिक्षण द्यावे, आणि त्यांना ई-संजीवनीवरून त्वचारोग विभागाचा सल्ला ठरलेल्या वेळी मिळावा.

७. दोन वर्षांच्या पदविकांत त्वचारोगाचा समावेश व्हावा, यासाठी राज्य शासनाने केंद्राकडे शिफारस करावी.

महोदय, २०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठरवले आहे. त्याला जेमतेम दोन वर्षे उरली आहेत आणि एमडी पूर्ण व्हायला तीन वर्षे लागतात. म्हणजे आज निर्णय झाला तरी पहिला विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत ती मुदत उलटलेली असेल. तरीही नसा गमावलेल्या रुग्णांना पुढे कित्येक वर्षे तज्ज्ञ लागणार आहेत, आणि सिमेंटने फाटलेल्या हातांना तर रोजच लागतात. म्हणून येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी क्र. १ ते ४ च्या मागण्यांवर निर्णय व्हावा आणि या निवेदनावर झालेल्या कार्यवाहीची लेखी माहिती आम्हाला साठ दिवसांत मिळावी, ही नम्र विनंती.

शिबिरांसाठी जागा, कामगारांना तपासणीला आणण्याची जबाबदारी आणि शिकाऊ डॉक्टरांच्या मुक्कामासाठी लागेल ती मदत आम्ही घुग्घुसकर करू. याबाबत चंद्रपूर येथे बैठक घ्यावी. आम्ही आमचे प्रतिनिधी व माहिती घेऊन हजर राहू.

आपले विनीत,
घुग्घुस व परिसरातील नागरिक, कामगार व निवृत्त आरोग्य कर्मचारी
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीस्तव व उचित कार्यवाहीस्तव :
१. मा. आयुक्त, वैद्यकीय शिक्षण, मुंबई
२. मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, चंद्रपूर
३. मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, गडचिरोली
४. मा. सहायक संचालक, आरोग्य सेवा (कुष्ठरोग), चंद्रपूर
५. मा. मुख्याधिकारी, नगर परिषद, घुग्घुस