घराची किल्ली आणि रिपीटर

“माजघरापर्यंत वायफाय पोंचत नाहीं, म्हणून मध्यें एक रिपीटर बसवावा म्हणतों; परंतु आमचें जाळें पासवर्डानें बंदिस्त आहे, तेव्हां तो चालेल काय?” असा प्रश्न मोठ्या कुटुंबांतील मंडळी वारंवार विचारतात. तो चालतो, मात्र घराची किल्ली त्याच्या स्वाधीन केल्यावरच, ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं.

रिपीटर म्हणजे डोंगरांतील प्रतिध्वनि, अर्थ न जाणतां शब्द पुढें लोटणारा, अशी सामान्य समजूत आहे. ती खरी नव्हे. सन २००४ पासून रूढ झालेल्या डब्ल्यूपीए-२ ह्या पद्धतींत प्रत्येक उपकरण पासवर्डाच्या आधारें राउटरशीं आपली स्वतंत्र गुप्त किल्ली ठरवून घेतें. रिपीटरची राउटरशीं एक किल्ली असते, सूनबाईंच्या फोनशीं दुसरी. आलेला लखोटा तो फोडतो, दुसऱ्या लाखेनें पुन्हां बंद करतो आणि पुढें धाडतो. बँकेच्या व्यवहारासारख्या पत्रांवर आंत आणखी एक मोहोर असते, ती त्यास फोडतां येत नाहीं. पण पत्र कोणाकडे चाललें आहे हें त्यास दिसतें.

इतका विश्वास ज्याच्यावर टाकावयाचा, तो केवळ स्वस्त मिळाला म्हणून घरांत घेऊं नये. सन २०१७ मध्यें बेल्जममधील ल्यूव्हेन विद्यापीठाचे मॅथी व्हानहुफ यांनीं ही किल्ली ठरविण्याच्या रीतींतील दोष दाखविला. त्याचा मुख्य मारा राउटरवर नसून राउटरला जोडून घेणाऱ्या उपकरणांवर होता; आणि रिपीटरही राउटरला जोडूनच घेत असल्यामुळें तोही त्यांत सांपडला. कारखानदारानें दुरुस्तीचें सॉफ्टवेअर दिलें व आपण तें चढविलें तर ठीक. नाहीं तर राउटर कितीही उत्तम असो, खिंडार उघडेंच.

कांहीं जुने रिपीटर केवळ डब्ल्यूईपी जाणतात, व त्यांच्यासाठीं सगळ्या घराचें कुलूप हलकें करण्याचा मोह होतो. त्या पद्धतींतील मोठी उणीव २००१ सालींच उघड झाली आहे. असला रिपीटर फुकट मिळाला तरी नको.

एकाच रेडिओनें ऐकणाऱ्या व बोलणाऱ्या रिपीटरपाशीं वेग सुमारें निम्मा होतो. जेथें लहरी पोंचतच नाहींत त्या खोलींत तो लावण्यांत अर्थ नाहीं. जेथें त्या अद्याप चांगल्या आहेत, अशी मधली जागा पाहावी. दगडी भिंतींच्या वाड्यांत तार ओढणें शक्य असेल, तर माझें मत तारेच्याच बाजूचें. आणि जुना रिपीटर भंगारवाल्यास देण्यापूर्वीं, त्यावरील रीसेटच्या बारीक छिद्रांत टाचणी दाबून आंतील पासवर्ड पुसून टाकावा. टाचणी कांहीं क्षण तशीच दाबून धरावी लागते.