तिसऱ्या मजल्यावरची माणसे

पुण्यात व मुंबईच्या उपनगरांत साठ-सत्तरच्या दशकांत सहकारी गृहरचना संस्थांच्या ज्या तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, त्यांतील कितीतरी इमारतींना लिफ्ट नाही. आणि वारा-उजेड चांगला म्हणून ज्या तरुण दांपत्यांनी त्या काळी हौसेने वरचा मजला पसंत केला, तीच आज ऐंशी उलटल्यावर त्या मजल्याची बंदिवान झाली आहेत.

शासनाने त्यांच्यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून एस.टी.चा प्रवास विनामूल्य आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अल्प उत्पन्नाच्या वृद्धांस चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर आदी साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद आहे. परंतु ज्याला फाटकापर्यंतही पोहोचता येत नाही, त्याच्या पदरात ही प्रवासाची सवलत पडणार कशी? निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्याचेच पाहा. २०१४ साली डिजिटल प्रमाणपत्र आले, २०२० पासून त्यासाठी पोस्टमन घरी येऊ लागला, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना हे वरदानच ठरले. पण दर नोव्हेंबरात इस्त्रीचा सदरा चढवून बँकेत जावे, रांगेत जुना सहकारी भेटला तर त्याच्याशी घटकाभर बोलावे, असे जे एकच निमित्त कित्येकांना उरले होते, तेही त्यासरशी गेले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

घरच्यांची मायाही पुष्कळदा याच दिशेने काम करते. एकदा पाय घसरला की 'तुम्ही बसा, आम्ही आणतो' सुरू होते. बसून राहिल्याने मांड्यांतील बळ ओसरते, बळ ओसरल्याने पडण्याची भीती वाढते, आणि ती भीतीच माणसाला पुन्हा खुर्चीत बसवते. हे चक्र उलटे फिरवता येते, आणि त्याची सुरुवात अगदी साधी असते: हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याचा रोजचा सराव, मग दारापर्यंत, मग जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंत. चढताना सशक्त पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा. सोबत्याने नेहमी खालच्या पायरीवर असावे, आणि दंड धरून ओढू नये. किती पायऱ्या उतरायच्या ते मात्र उतरणाऱ्यानेच ठरवावे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

गावोगावचे ज्येष्ठ नागरिक संघ व्याख्याने, सहली, वाढदिवस उत्तम रीतीने साजरे करतात. पण जे येतात त्यांच्यासाठी. जे येईनासे झाले त्यांची यादी करून दोघा सभासदांनी त्यांच्याकडे जावे, आणि केवळ प्रकृतीची विचारपूस करून न परतता काही काम घेऊन जावे. निवृत्त हिशेबनिसाला संघाचा जमाखर्च तपासायला द्यावा, शिक्षिकेला खालच्या मजल्यावरील मुलाचे व्याकरण. ज्याची कोणी वाट पाहत आहे, त्याला जिना उतरण्याला कारण मिळते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी भरावयाच्या असतात. रंगकाम व वाहनतळ यांच्या आधी, जिन्याच्या भिंतीच्या बाजूनेही कठडा, प्रत्येक वळणावर एक बाक आणि पुरेसा दिवा, हा विषय सभासदांनी लेखी देऊन कार्यक्रमपत्रिकेवर घालून घ्यावा.