मांजराच्या तोंडात पाहणार कोण?

बैलबाजारातला सौदा बैलाचा जबडा उघडल्याशिवाय पुरा होत नाही. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला अशी दातांवरून वयाची आणि वयावरून किमतीची प्रतवारी लावण्याची काटेकोर परंपरा महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. त्याच घराच्या ओट्यावर निजणाऱ्या मांजराच्या तोंडात मात्र कोणी डोकावल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. कारण उघड आहे. बैलाला बाजारभाव आहे. घरच्या मांजराला नाही. धान्याच्या कणगीभोवती ते जी राखण करते तिची नोंद राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात होत नाही, आणि ज्याची किंमत होत नाही त्याच्या दुखण्याकडे लक्ष देण्याची निकड कोणास वाटत नाही.

वस्तुतः मांजराच्या दातांचे दुखणे मुळीच दुर्मीळ नाही. दुधाचे सव्वीस दात पडून साधारण सहाव्या महिन्यापर्यंत त्याला कायमचे तीस दात येतात. माणसाच्या दातांना लागते तशी कीड मांजराला सहसा लागत नाही. त्याचे रोग निराळे आहेत. दातांवर साचणाऱ्या थराचे काही दिवसांत टणक कीटण बनते, हिरड्या सुजतात आणि पुढे दात धरून ठेवणारे हाडच झिजू लागते. दुसरा रोग याहून कपटी आहे. त्यात मांजराचे शरीर स्वतःच्याच दाताचा कठीण भाग विरघळवून टाकते. हिरडीच्या कडेशी दिसणारा बारीकसा लाल ठिपका एवढीच त्याची बाहेरची खूण असते. आत मात्र मूळ पोखरलेले असते. तिसऱ्या प्रकारात गालांच्या आतील बाजू व घशालगतचा भाग लालबुंद होऊन इतका दाह होतो की, जांभई देतानाही प्राणी कळवळतो.

परंतु मांजर आपले दुखणे बोलून दाखवीत नाही, आणि घोटाळा होतो तो येथेच. ते एकदम खाणे सोडत नाही; त्याची खाण्याची रीत बदलते. ताटलीपाशी उत्साहाने येते, हुंगते आणि मागे फिरते. मान तिरकी करून एकाच बाजूने चावते, घास तोंडातून गळतो, लाळ सुटते. सुकटीवर झडप घालणारे मांजर ती टाकून मऊ भाताकडे वळते. अंग चाटणे दुखते म्हणून केस राठ आणि गुंतलेले दिसू लागतात. घरात याचे निदान ‘लाडावले आहे’ किंवा ‘म्हातारे झाले’ असे ठरलेले असते. तोंडाची दुर्गंधी तर मांजराचा जातिधर्म म्हणून सोडून दिली जाते. निरोगी मांजराच्या तोंडाला अशी घाण येत नाही, ही साधी गोष्ट शिकलेल्या घरांतही ठाऊक नसते.

दुखणे लक्षात आलेच, तर घरगुती उपायांचा उत्साह अधिक धोक्याचा ठरतो. माणसाच्या दातदुखीवर लवंगेचे तेल हा घरोघरचा उतारा. पण असे पदार्थ निर्विष करण्याची यकृताची शक्ती मांजरात फार तोकडी असते. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. माणसाची टूथपेस्टही वर्ज्य, कारण मांजराला चूळ भरता येत नाही! पिल्लूपणापासून सवय लावली, तर मऊ ब्रशाने आणि मांजरासाठीच बनविलेल्या पेस्टने रोज दात घासता येतात. एकदा रोग जडल्यावर मात्र पशुवैद्याखेरीज इलाज नाही. भूल देऊन, हिरडीच्या आतपर्यंत सफाई करून, क्ष-किरणांनी मुळे तपासून बिघडलेले दात काढावे लागतात. दाह तीव्र असेल, तर बहुतेक सर्वच दात काढण्याची वेळ येते. मग ते खाणार कसे, अशी शंका साहजिक आहे. पण दुखरे दात गेल्यावर मांजर मऊ अन्न अधिक आवडीने खाते, असाच पशुवैद्यांचा अनुभव आहे. उलट, दोन-तीन दिवस अन्न पूर्ण तुटले तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून दातांचे दुखणे प्राणावर बेतू शकते.

खर्चाचा प्रश्न नाकारता येणार नाही. भूल, क्ष-किरण आणि शस्त्रक्रिया यांचे मिळून होणारे बिल कारकुनाच्या किंवा शिक्षकाच्या घराला सहज झेपणारे नसते. मुंबईत परळला १८८६ पासून पशुवैद्यकाचे शिक्षण दिले जात आहे. परंतु सरकारी दवाखान्यांची राज्यभरची उभारणी मुख्यतः गाईबैलांच्या गरजेभोवती झाली. शेतीप्रधान राज्यात ते योग्यच होते. तथापि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेल्या जनावराला विनाकारण वेदना होऊ न देण्याचे कर्तव्य पाळणाऱ्यावर टाकले आहे, आणि त्यात बैल व मांजर असा भेद केलेला नाही. कर्तव्य सर्वांना सारखे आणि ते पार पाडण्याची साधने ज्याच्या खिशात पैसा आहे त्यालाच, ही विसंगती आहे.

ती दूर करण्यासाठी नवी इस्पितळेच उभारली पाहिजेत असे नाही. काही शहरांत भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाची मोहीम चालते. मुंबई महापालिकेने ती २०१९ मध्ये हाती घेतली. त्या शस्त्रक्रियेसाठी मांजराला भूल दिलेलीच असते. ज्या तोंडाला एरवी हात लावू दिला जात नाही, ते त्या वेळी निमूटपणे उघडते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे, तर त्या दोन मिनिटांच्या तपासणीचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आहे. सडलेला दात तेव्हाच काढायचा झाल्यास भुलेचा काळ वाढतो, डॉक्टरांचा वेळ जातो, त्या दिवशी चार मांजरे कमी होतात. हा आक्षेप खरा आहे. म्हणून प्रत्येक दात तेथेच काढावा असा आग्रह नको. पण हिरड्यांची व दातांची स्थिती नोंदवणारा एक रकाना केसपेपरवर असावा, आणि मांजराला आणून सोडणाऱ्या माणसाला ती नोंद तोंडी समजावून सांगितली जावी. एवढ्यासाठी अंदाजपत्रकात वेगळी तरतूद करावी लागणार नाही.