गोळीची पट्टी दाखवा, रक्तदाब मोजून घ्या
जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील नागरिकांना जाहीर आवाहन



रावेर-यावलकडे केळीचे घड वाहून खांदे भरून येतात, कापूस वेचून कंबर धरते. मग जुनी चिठ्ठी पुढे करून मागचीच गोळी आणली जाते, किंवा कुणी सांगितलेली सांधेदुखीची पुडी सुरू होते. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक वाढते. पुढे चेहरा भरतो, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. त्या गोळीत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असेल तर ते स्टेरॉइड आहे. भरलेला चेहरा ही त्याची सूज असू शकते, आणि तोवर आत रक्तदाबही चढलेला असू शकतो.

औषध वाईट नाही. दमा, संधिवात, मूत्रपिंडाच्या काही विकारांत त्याला तोड नाही. २०२० साली ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू कमी झाले. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, जास्तीत जास्त १० दिवस दिले होते.

स्टेरॉइडने शरीरात मीठ-पाणी साठते म्हणून रक्तदाब वाढतो, असे बरेच जण समजतात. तेवढ्याने उलगडा होत नाही. डेक्सामेथासोन मीठ फारसे धरत नाही, तरीही रक्तदाब वाढवते. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होत असते. त्याच्यामुळे वाहिनी सैल राहते. स्टेरॉइड जास्त झाले की त्याच अस्तरात सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील प्रकार वाढतो. तो नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतो. दोघांच्या संयोगातून बनणारा पदार्थ अस्तराला आणखी इजा करतो. वाहिनी सैल पडेनाशी होते आणि हृदयाला जास्त जोराने रक्त ढकलावे लागते. अतिक्रियाशील ऑक्सिजनच्या या वाढीलाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. जपानी संशोधकांनी २००३ साली स्टेरॉइड घेणाऱ्या रुग्णांमध्येही रक्तवाहिन्यांचा हा बिघाड दाखवला.

हे वाचून कुणी व्हिटॅमिनच्या गोळ्या आणायला धावू नका. त्यांनी असा रक्तदाब आटोक्यात येतो, असे सिद्ध झालेले नाही. खरा उपाय म्हणजे स्टेरॉइड गरजेपुरतेच घेणे आणि रक्तदाब मोजत राहणे. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच जाणवू देत नाही, म्हणून डोके दुखण्याची वाट पाहू नका.

आणि कळकळीने सांगतो, काही आठवड्यांपासून घेत असाल तर गोळी एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी केलेले असते. अचानक थांबवले तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डॉक्टरच मात्रा हळूहळू उतरवतील.

औषध दुकानदार बांधवांनो, चिठ्ठीशिवाय आणि जुन्या चिठ्ठीवर स्टेरॉइड देऊ नका. ‘नेहमीचीच गोळी आहे’ असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तर आधी रक्तदाब मोजायला पाठवा. आशाताईंनो, घरभेटीत रक्तदाबाबद्दल विचाराल तेव्हा अंगदुखीच्या गोळीबद्दलही विचारा.

या आठवड्यातच जवळच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मोठी तपासणी लागली तर जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. जाताना गोळीची रिकामी पट्टी, मलमाची ट्यूब, नाव नसलेली पुडीसुद्धा सोबत न्या, आणि किती दिवस घेत आहात ते न लाजता सांगा.